यमुनाबाईंची पृथ्वीप्रदक्षिणा

यमुनाबाई घाग आमच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवत होत्या. चौऱ्याऐंशी साली निवृत्त झाल्यावर त्यांनी नवऱ्यासह विमानाने जगप्रवास ठरवला. जपानात चेरी फुललेली बघायची, म्हणून मार्चची तिकिटं सांगितली.

पण मार्चमध्ये शिमगा, आणि गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा देण्याचा मान त्यांच्या नवऱ्याच्या, विश्रामरावांच्या घराण्याचा. त्यांनी मुंबईच्या एजंटाला ट्रंक कॉल लावला. "मधेच शिमग्याला घरी येऊन पुढे जाता येईल ना?"

"काका, ही एसटी नव्हे. हे जगप्रदक्षिणेचं तिकीट एकाच दिशेचं, मागे फिरता येत नाही."

"मग रद्द करा. एकदा खांदा सोडला की चुलतभाऊ कायमचा धरेल."

"तुम्ही थांबा, मी एकटी जाते," यमुनाबाई म्हणाल्या.

"आणि पालखी दारात आली की ओटी कोण भरणार? जपानी?"

मी त्यांना "तुम्ही जाच" म्हटलं होतं. त्या गेल्या नाहीत, याचा मला अजून राग येतो.

ऐन शिमग्यात विश्रामरावांची कंबर धरली. पहिला खांदा चुलतभावानेच दिला. यमुनाबाईंनी ओटी भरली. गुरवाने विचारलं, "बाई, देवीला गाऱ्हाणं काय घालू?"

"यांच्या कमरेचं घाल. दुसरं काही मागायचं राहिलं नाही."