एका गुणाचा लाडू

अख्ख्या हैदराबादेत पिवळ्या रंगावर माझ्या मामांइतका संशय कुणी घेतला नसेल. मामा नारायणगुड्याच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत. मी त्यांचा सख्खा भाचा आणि त्याहून सख्खा नापास विद्यार्थी. वार्षिक परीक्षेत मला एक गुण कमी पडला, तेव्हा आईने भाऊबीजेच्या ताटासमोर त्यांना गळ घातली. "अक्का, याला तेजाब आणि चुना यांतला फरक कळत नाही. गुण कायकू देऊ?" असं म्हणून त्यांनी ओवाळणी घातली आणि मला त्याच वर्गात ठेवलं.

शेरवानीच्या खिशात त्यांची पातळ तेजाबाची, म्हणजे आम्लाची, चिमुकली बाटली असे, त्यामुळे त्या खिशाला कायम भोकं. हळद चुन्याने लाल होते, तेजाबाने पिवळीच राहते. पण मेटॅनिल यलो हा भेसळीचा कारखान्यातला रंग तेजाबाचा थेंब पडताच गुलाबी होतो आणि पाण्याने धुतला की पुन्हा साळसूदपणे पिवळा. एवढं एकच रसायनशास्त्र मला येतं, कारण ते दर सणाला माझ्या पानातल्या जिलबीवर शिकवलं जाई. "मास्टरसाब, मिठाई खारे कि मुकद्दमा चलारे?" असं एका हलवायाने त्यांना विचारलं होतं. एका चुलतबहिणीच्या लग्नात तर त्यांच्या थेंबाने बुंदी गुलाबी झाली, पंगत उठली आणि मुलीचे वडील पार खाली मान घालून बसले.

माझं लग्न संस्थानातल्या धामधुमीत दोनदा पुढे गेलं. मुलीकडच्यांना फेरविचाराला वेळ मिळतोय, ही माझी धास्ती, आणि स्वतःला आरशात पाहता ती रास्तच होती. सासरे गावाकडचं शेतघर सोडून मलकपेठेत भाड्याने राहायला आले होते. संस्थान भारतात आलं, रस्ते निवळले, आणि लग्न लागलं. लाडवांची बुंदी सासऱ्यांनी बाजारची हळद घालून स्वतः कढईपुढे बसून पाडली होती.

पंगत बसली. मामांनी बाटली काढली. सासरे हात जोडून समोर उभे. मी मुंडावळ्यांआडून पाहत होतो. नवरदेवाला शोभेल असं माझ्यात तेवढ्यापुरतं काहीही नव्हतं, नुसता घाम होता. थेंब पडला. मामांनी लाडवावर चटकन अंगठा दाबला, अख्खा लाडू तोंडात कोंबला आणि म्हणाले, "हळद आहे, व्याहीबुवा. शुद्ध. वाढा."

मी शेजारीच होतो. त्यांची बोटं गुलाबी झाली होती, आणि ती त्यांनी आहेराच्या पांढऱ्या उपरण्याला पुसली.

दुसऱ्या दिवशी बायकोने ते उपरणं धुतलं. गुलाबी डाग पिवळे झाले. "मामांनी हळद सांडली वाटतं," ती म्हणाली. मी हो म्हणालो. सुतावर तो रंग टिकत नाही. दोनचार धुण्यांत डाग गेले. सासऱ्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

आता मामाही नाहीत. त्यांची फार आठवण येते, विशेषतः पानात लाडू आला की. जन्मात त्यांनी कुणाला वाढवून गुण दिला नाही. माझा राहिलेला तो एक तेवढा त्या दिवशी सासऱ्यांच्या लाडवाला दिला.