शिंपीमास्तर आणि कुळथाचं कढण

माणसाच्या मांडीकडे इतक्या निर्मळ कुतूहलानं पाहणारा दुसरा माणूस अख्ख्या मालवणात झाला नाही, आणि पुढे होईल अशी लक्षणंही दिसत नाहीत. आमचे शिंपीमास्तर. बाजारात तांदळाच्या वखारीला लागून त्यांचं दुकान, दुकानात एक मशीन, एक बाक आणि गळ्यात टेप घातलेले स्वतः मास्तर. रस्त्यात कोणी भेटला की त्यांची नजर आधी त्याच्या दंडावर, मग पोटरीवर आणि उरलीच तर चेहऱ्यावर जाई. माझ्याशी ते पहिली दोन वर्षं फक्त माझ्या खांद्यांकडे बघून बोलले. एकदा एका म्हाताऱ्याला स्मशानात पोचवायला आम्ही निघालो होतो. सगळे गंभीर, खाली मान घालून चाललेले. तेवढ्यात मागून मास्तरांचा आवाज आला, "डाव्या बाजूचो आता बदला रे, तेचो खांदो अर्धो इंच उतारलो!" आणि खरोखरच दहा पावलांवर डावीकडचा गडी लटपटला.

हे कुतूहल त्यांना मापांच्या वहीनं लावलं. आमच्याकडे माणसं वर्षातून दोनदा कपडे शिवायची, चतुर्थीला आणि शिमग्याला. मास्तर प्रत्येक वेळी नव्यानं माप घेत आणि जुन्या मापाखाली लिहीत. वीस वर्षं लिहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की रापण ओढणाऱ्या माणसांची छाती चतुर्थी ते शिमगा फुगते आणि पावसाळ्यात पुन्हा बसते. रापण म्हणजे किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी माणसं लावून ओढायचं ते अजस्र जाळं. ते ओढण्याइतकी मेहनत दुसरी नाही. दुसरा कोणी शिंपी असता तर त्यानं शर्टाला थोडं कापड जास्त ठेवलं असतं आणि विषय मिटवला असता. मास्तर पहाटे किनाऱ्यावर जाऊन बसू लागले. महिनाभर बसले. परत येऊन मला म्हणाले, "जाळा भायर इला की ते थंयच, वाळयेतच मासो भाजून पेजेबरोबर खातत. घामसुद्धा सुकाक देनत नाय. आणि आमची हुतुतूची पोरा खेळान झाल्यार काय करतत? बावडेर जातत, आंघोळ करतत, भांग पाडतत, बाजारभर मिरवतत आणि दोन तासांनी जेवतत. म्हणान दुसऱ्या दिवशी कण्हतत!"

मी म्हटलं, "पण मास्तर, लगेच खाल्लं काय नि मग खाल्लं काय, पोटातच जातं ना?"

मास्तरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं, मशीनमधला दोरा ओढून काढला आणि एका चिंधीवर मशीन चालवून दाखवलं. चिंधीला ओळीनं भोकं पडली. "बघलंस? मशीन चलला, पण दोरो नाय. तुमचो व्यायाम असोच. नुसती भोका पाडून घरी जातास."

त्या काळी कबड्डीला आमच्याकडे हुतुतूच म्हणत, आणि प्रथिनं हा शब्द आमच्यापैकी कोणी ऐकलेलाही नव्हता. मास्तरांना एवढंच ठाऊक होतं की दोरा मासळीत असतो. पण आमच्या संघातला एक सोमवार पाळी, दुसरा गुरुवार, तिसऱ्याची आई संकष्टीलाही घरात मासा शिजू देत नसे. सातही जणांना सातही दिवस चालेल असा दोरा हवा होता. मास्तरांनी तूर, मूग, वाटाणे असे सगळे चाखून शेवटी कुळथावर बोट ठेवलं. भरपूर कुळीथ मऊ शिजवायचे, रगडायचे, लसूण आणि आमसूल घालून दाट कढण करायचं. खेळ संपल्यावर पाव तासाच्या आत, धापा टाकत असतानाच, ते प्यायचं. "आधी श्वास तरी घेऊ द्या," असं कोणी म्हटलं तर मास्तर म्हणत, "श्वास मगे घी. तो खंय पळता?"

संघात एक बाबली होता. हरणासारखा खेळे, पण एकाच दिवसात दोन सामने आले की दुसऱ्यात त्याचे पाय दगड होत. आदल्या वर्षी कणकवलीला अंतिम सामन्यात पोटऱ्यांत गोळे येऊन तो मैदानातच आडवा झाला होता. यंदा तिथं मुंबईच्या एका गिरणीचे गृहस्थ येणार होते, संघासाठी एक खेळाडू निवडायला. निवडला गेला की गिरणीत कायमची नोकरी. बाबलीला वडील नव्हते, पाठीवर दोन बहिणी होत्या, आणि हे मास्तर सोडून कोणी मोठ्यानं बोलत नसे. मास्तरांनी त्याला प्रयोगाला धरला आणि तुलनेसाठी संघातलाच त्याचा चुलतभाऊ गुंडू घेतला. दोघं सारख्या वयाचे, सारख्या हाडाचे. बाबलीला कढण लगेच, गुंडूला दोन तासांनी. रोज सकाळी दोघांनी दुकानातल्या बुटक्या पाटावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. मास्तर कण्हणं मोजत. कण्हण्याचे त्यांनी तीन प्रकार केले होते: नाकातलं, घशातलं आणि "आयशप्पत."

महिन्याभरानं मास्तरांनी दोघांची मापं घेतली. बाबलीची मांडी अर्धा इंच वाढली होती! दुकानाबाहेर गर्दी झाली. वखारीतल्या हमालांनीही कुळीथ रगडायला घेतले. गुंडूचीही मांडी अर्धा इंचच वाढली होती हे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मास्तर म्हणाले, "तो चोरून पिता."

नेमकं त्याच आठवड्यात मला मुलगी बघायला जायचं होतं. शर्ट मास्तरांनीच शिवलेला. मी पोह्यांची बशी घ्यायला वाकलो आणि छातीवरचं बटण तुटून थेट भावी सासऱ्यांच्या चहात पडलं. मुलगी हसली, म्हणून पुढे लग्न झालं, पण तो भाग वेगळा. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन तो शर्ट मास्तरांच्या पुढ्यात टाकला. मास्तरांनी तो मापला, वही पाहिली, पुन्हा मापला. मग उठले, खुंटीवरची जुनी टेप काढली आणि गळ्यातल्या, त्याच महिन्यात आणलेल्या नव्या टेपेशेजारी बाकावर पसरली. जुनी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून लांब झाली होती, म्हणून तिच्यावर आकडा कमी येई. तिनंच माप घ्यायचं आणि तिनंच कापड कापायचं, तेव्हा कपडे बरोबर बसत आणि चूक कुणाला कळत नसे. माझं माप जुन्या टेपेनं घेतलेलं, कापड नव्या टेपेनं कापलेलं. आणि बाबलीची मांडी आधी जुनीनं मोजली होती, मग नवीनं.

"म्हणजे वाढली नाही?" मी विचारलं.

"सूतभरसुद्धा नाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वहीतल्या त्या आकड्यावर काट मारली.

कणकवलीचे सामने आठवड्यावर आले होते. मी हात जोडले, "मास्तर, आत्ता सांगू नका. पोराचा धीर जाईल." पण आयुष्यात कुणाला खोटं माप न दिलेला माणूस तो! संध्याकाळी सरळ मैदानात गेले, दोन्ही टेपा सगळ्यांना दाखवल्या आणि म्हणाले, "पोरांनू, माझी चूक झाली. तुमी होतात तितकेच आसात. कढण होया तर पिया, नको तर सोडा."

मग बाबली म्हणाला, "मास्तरानू, मांडी वाडली काय नि नाय वाडली, माका काय करूचा? गेल्या वर्सी खेळान इल्यार दुसऱ्या दिवशी भित धरून चलत होतंय. आता उठान धावतंय. आज कढण हाडलास मा?"

मास्तरांनी किटली पुढे केली.

कणकवलीला ते किटली मांडीवर घेऊन एसटीनं आले. कंडक्टरलाही हात लावू दिला नाही. सकाळचा सामना आम्ही जिंकलो. खरी परीक्षा संध्याकाळच्या अंतिम सामन्यात होती, आणि तुलनेसाठी गुंडूला उपाशी ठेवणं भाग होतं. नाहीतर कढणाचा गुण की तरण्या रक्ताचा, हे कधीच कळणार नव्हतं. मास्तरांनी एकेकाला कप दिला. गुंडू सवयीनं बाजूला जाऊन बसला होता. मास्तर किटली घेऊन दोन पावलं मागे गेले आणि पुन्हा त्याच्यासमोर आले.

"पी मेल्या," ते शेवटी म्हणाले. "गेलो प्रयोग खड्ड्यात."

अंतिम सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. पण शेवटच्या चढाईला बाबली असा गेला की जणू सकाळी खेळलाच नव्हता. तिघांना बाद करून परत आला. गिरणीचे गृहस्थ खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्याचं नाव विचारलं. पंधरा दिवसांनी बाबली बोटीनं मुंबईला गेला. मास्तर मात्र पुढे किती दिवस मला विचारत होते, "पण ता कढणानच झाला काय रे? कसा कळाचा?"

दोन-अडीच वर्षांनी बोटीच्या एका उतारूबरोबर मास्तरांना एक पत्र्याचा डबा आला, सोबत बाबलीचं पत्र. मास्तरांच्या डोळ्यांनी तोवर बारीक अक्षर सोडलं होतं. मी वाचून दाखवलं. गिरणीचे डॉक्टर खेळ संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत ही प्रोटीनची पूड दुधातून देतात, त्यानं अंग लवकर भरून येतं असं सांगतात. 'तुमी सांगत होतात ताच,' असं बाबलीनं लिहिलं होतं. मी आनंदानं ओरडलो, "मास्तर, जिंकलात! मुंबईचा डॉक्टर तुमच्या मागून आला!"

मास्तरांचं लक्ष नव्हतं. "खालची वळ परत वाच," ते म्हणाले.

खालची ओळ होती, 'उजवो गुडघो हल्ली जरा धरता, बाकी सगळा बरा.'

डबा तसाच बाकावर राहिला. चढताना धरतो की उतरताना, सकाळी की संध्याकाळी, हे कळवायला हवं होतं पोरानं, असं मास्तर स्वतःशीच पुटपुटले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू शिकाक मुंबैक रवलंस मा दोन वर्सा? थंय जिने खूप असतत काय रे?"

"नाय हो मास्तर," मी म्हणालो, "बाबली तळमजल्यार रवता." आणि पत्राचं पाकीट हळूच मांडीखाली सरकवलं. त्यावर बाबलीनं ठळक अक्षरात आपला पत्ता लिहिला होता, चौथा माळा.