पटक्यातली जिलेबी

कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यात भिंतीवर फोटो लावलेत. भली मोठी थाळी एकट्याने संपवली की जेवण फुकट, आणि वर त्या माणसाचा फोटो. नातू मला म्हणाला, "आजी, बघ तरी, काय खाल्लंय या माणसानं!" मी म्हटलं, "मुडद्या, आपल्या ताटात बघ आणि गप जेव." त्याला वाटलं म्हातारी चिडली. चिडले नव्हते. चिडायचं ते सगळं कधीच चिडून झालंय. आता आतून काही हलत नाही, नुसतं आठवतं.

पैजेचं खाणं मी पाहिलंय. माझ्या बापाचंच पाहिलंय. म्हणून या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

तेव्हा लढाई चालू होती. कुठे चालू होती ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमची वाडी सेनगावाकडची, राज्य निजामाचं, आणि आमच्यापर्यंत लढाई आली ती एवढीच, की साखर दिसेनाशी झाली आणि सरकारच्या धान्यवसुलीची, लेव्हीची माणसं येऊन खळ्यावरची ज्वारी मोजून नेऊ लागली. आमचं मेंढरांचं घर. थोडी जमीन, बाकी मेंढरं आणि आईच्या हाताची सूतकताई. त्या साली मेंढरांत रोग आला आणि निम्मा वाडा रिकामा झाला. उरलेल्या लोकरीच्या दोन घोंगड्या झाल्या. बाप म्हणाला, औंढ्याच्या जत्रेत विकू आणि ज्वारी घेऊन येऊ.

आई सात महिन्यांची पोटुशी होती. माझ्यानंतरची लेकरं तिच्या हाती लागली नव्हती, त्यामुळे या खेपेला ती फार जपून बोलायची, जपून चालायची. काही मागायची नाही. आमच्याकडे असं मानतात की बाईचा डोहाळा राहिला तर लेकराच्या तोंडातून लाळ गळते. लाळ गळाल्यानं लेकराचं काही बिघडत नाही म्हणा, पण ती दिसली की अख्खी वाडी विचारते, काय गं, काय खायचं राहिलं होतं तुझं? विचारतात बाईला, पण टोचतात नवऱ्याला. घरात बायकोच्या तोंडात घालायलाही नव्हतं, असा त्याचा अर्थ.

निघताना तिने बापाला सांगितलं. मी दारात घोंगड्या डोक्यावर घेऊन उभी होते, मला ऐकू आलं.

"अवं, जत्रंत जिलेबी निघंल. एक वेढा आणा. जास्त नगं. एकच."

बाप म्हणाला, "एक काहून? पुडा बांधून आणतो."

"पुडा नगं. पहिले ज्वारी. उरलं तर."

बस, एवढंच. ती आत निघून गेली.

औंढ्याला शिवरात्रीचा उपास. आम्ही पोचलो, दर्शन घेतलं, उपास धरला. उपासाचं आम्हाला काय, घरी रोजचाच होता. घोंगड्या विकल्या गेल्या आणि ज्वारी घेता घेता हातात काही उरलं नाही. अर्धं पोतंही भरलं नाही. बापाने पोत्याचं तोंड बांधलं आणि तसाच बसून राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी लोकांनी उपास सोडला आणि जत्रा खऱ्या अर्थाने पेटली. देवळाकडून येणाऱ्या वाटेवर एका हलवायाचा मांडव होता. मुसलमान माणूस, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावातला, पांढरी दाढी, आवाज खणखणीत. साखर मिळत नव्हती म्हणून त्याने गुळाच्या पाकात जिलेबी सोडली होती, काळपट तांबडी. त्याने एक परात भरून पुढे मांडली आणि ओरडू लागला. परात एकट्यानं संपवायची. संपवली तर जिलेबी फुकट आणि वर नवा कोरा पटका. नाही संपली तर जत्रा उठेपर्यंत भट्टीची लाकडं फोडायची.

"आणि एक बात ध्यानात ठेवा," तो म्हणाला, "पोटात गेलं ते तुमचं. पानावर उरलं ते माझं. घरी काई जायचं न्हाई. मागच्या साली एकानं धोतरात बांधून नेली, मी येडा न्हाई."

लोक हसले. एक तालमीतला गडी बसला आणि अर्ध्यावर त्याने पानावर आडवा हात धरला. पानावर आडवा हात म्हणजे हरलो. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मग मांडवात कोणीच पुढे होईना.

तेव्हा माझा बाप उठला. वाडीत त्याच्या खाण्याचं नाव होतं हे खरं. लग्नाच्या पंगतीत त्याला मुद्दाम बसवायचे, वाढप्यांची दमछाक करायला. पण ते सुगीच्या दिवसांतलं खाणं. आता त्याची बरगडी न् बरगडी दिसत होती. मला म्हणाला, "पोत्यापाशी बैस. हलू नको." मी हलले. मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले, पोतं पायाशी घेऊन.

पळसाची पत्रावळ मांडली. हलवाई स्वतः वाढायला आला. बाप खायला लागला, आणि मला पहिल्यांदा लाज वाटली, खरं सांगते. इतका भुकेला माणूस लोकांसमोर खात नसतो. लोक "वाहवा" करत होते. त्यांना ती ताकद वाटत होती. अरे, ती कसली ताकद! कालच्याच नाही, कितीतरी दिवसांच्या उपासाचं पोट होतं ते. पोट भरलेली माणसं भोवती उभी राहून भुकेल्याचं खाणं बघतात आणि टाळ्या वाजवतात, याला मी पैज म्हणत नाही.

थोड्या वेळाने त्याचा वेग उतरला. ऊन वर आलं होतं, भट्टी शेजारी धगधगत होती, त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. घाम पुसायला तो हात वर न्यायचा आणि पटका जरा मागे सारायचा. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मला दिसलं. बोटांत जिलेबीचा वेढा होता, तो पटक्याच्या घडीत गेला.

मला कळलं तो कुणासाठी. माझ्याशिवाय त्या मांडवात कुणालाच कळण्यासारखं नव्हतं.

आता बघा, साखरेचा पाक असता तर जमलं असतं. साखर वाळते, वरून कवच धरते. माझ्या बापाने जन्मात खाल्ली ती साखरेची जिलेबी, तीही लग्नकार्यात, थंड झालेली. त्याच्या डोक्यात तीच. पण हा गुळाचा पाक. गूळ उन्हात पातळ होतो. वर कढईतून ताजी काढलेली, वर डोक्याची उष्णता, वर फाल्गुनाकडे झुकलेलं ऊन. मेंढराच्या अंगावरचं गोचीड लांबून ओळखणारा माणूस, पण गुळाचं एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही.

आधी कानामागून एक काळी धार आली. मग कपाळावरून. भुवईपाशी येऊन थांबली आणि नाकावर उतरली. तो खातच होता, त्याला घाम वाटला. पुढे बसलेलं एक पोरगं ओरडलं, "अय, याच्या टकुऱ्यातून पाक गळून राहिला!"

मग काय विचारता. लोक पोट धरधरून हसले. कोणीतरी मागून पटका ओढला. त्याचे पदर सुटले आणि घडीतून चिकटलेले वेढे खाली पडले, मोडके, दोरे लागलेले. बोडक्या डोक्याने माझा बाप पत्रावळीसमोर बसला होता. आमच्यात बोडक्या डोक्याचा पुरुष चारचौघांत दिसतो तो घरी कोणी गेलं तर. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही बरेच दिवस नाही.

हलवाई मात्र हसला नाही. तो खाली वाकून म्हणाला, "भाऊ, काहून केलं असं? कोणासाठी?"

मी खांबापासून पुढे झाले. सांगणारच होते. बापाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मेंढराला काठी न मारता नजरेनं थांबवायचा ना, तसं. आणि हलवायाला म्हणाला, "कोणासाठी न्हाई. मलाच. सांजच्याला भूक लागंल म्हणून ठेवली व्हती."

बापरे, काय हशा उठला! एवढं खाऊन वर संध्याकाळची सोय! खादाड, हावरट, बकासुर, काय काय म्हणाले. त्याने सगळं घेतलं. गर्भार बायको घरी उपाशी आहे हे चारचौघांत सांगण्यापेक्षा हावरट म्हणवून घेणं त्याला बरं वाटलं. आज मला त्याचा राग यावा की कौतुक, ठरवता येत नाही. दोन्ही येत नाही.

लोक ओरडू लागले, "मग आता खा! खाऊन दाखव!"

त्याने त्या पडलेल्या जिलेब्या एकेक उचलल्या. धूळ लागलेली, पटक्याचे दोरे लागलेले, त्याच्याच डोक्याचे केस लागलेले. नाही म्हटलं असतं तर पुन्हा विचारलं असतं, कोणासाठी. म्हणून खाल्ल्या. आईचा वेढा त्याने माझ्यासमोर, सगळ्यांसमोर खाल्ला. चावताना त्याचे डोळे कोरडे होते, जबडा तेवढा हलत होता. मग परातीतली उरलेली खाल्ली.

हलवाई म्हणाला, "पोटात गेली. झालं. बोलणं संपलं." आणि नवा पटका त्याच्या हातात दिला. लोकांना ते पटलं नाही, पण मांडव हलवायाचा होता.

घरी जाताना बाप वाटेत दोनदा ओकला. पोतं मी डोक्यावर घेतलं.

आईने दारातूनच बघितलं. नवा पटका खांद्यावर, जुना डोक्यावर, काळ्या डागांचा. बापाने डोक्यावरचा पटका काढला, तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "एवढंच आलं."

आईने तो नाकाशी धरला. मग पितळी तांब्यात पाणी घेतलं, पटक्याचा तो पदर त्यात बुडवला, चोळला, पिळला. पाणी तांबूस झालं. ती ते पाणी उभ्या उभ्या प्याली. शेवटचा घोट माझ्यापुढे धरला. मी घेतला. गोड होतं, घामाचं खारटपणही होतं. "पोचलं मला," आई म्हणाली. बाप तोवर बाहेर वाड्यापाशी गेला होता.

भाऊ झाला. धडधाकट झाला, हाती लागला. नवा पटका फाडून त्याची दुपटी केली. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दात यायच्या आधी कुठल्या लेकराची गळत नाही, सांगा? पण जत्रेची गोष्ट वाडीत पोचली होती. पाणवठ्यावर बायका आईला विचारत, "काय गं, नवऱ्यानं परात खाल्ली आणि तुला वेढाबी न्हाई आणला व्हय?" आई म्हणायची, "आणला व्हता की." कोण विश्वास ठेवतो?

आमच्याकडे बापाने चारचौघांत लेकराला घेऊ नये, अशी रीत. मोठ्यांपुढे ते बरं दिसत नाही. माझा बाप मात्र पारावर, सगळ्या माणसांत, भावाला मांडीवर घेऊन बसायचा. लाळ आली की डोक्यावरच्या त्या जुन्या पटक्याचा पदर ओढायचा आणि हनुवटी पुसायचा. कोणी हसलं की म्हणायचा, "दात येऊन राहिले त्याले."

दात आले. लाळ थांबली. भाऊ चालायला लागला तरी बाप येताजाता त्याला धरायचा आणि कोरडी हनुवटी पुसायचा.