पिळणं या अर्थाचे शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आज सांगतेय ते मन मोठं झालंय म्हणून नव्हे — वैताग आलाय म्हणून!

सानपाड्यात मी दहावीच्या मुलांचे इंग्रजीचे क्लास घेते. शब्द पाठ होत नाहीत कार्ट्यांचे, म्हणून मुळं सांगते. डिस्टॉर्ट म्हणजे विपर्यास करणं, टॉर्चर म्हणजे छळ, एक्स्टॉर्ट म्हणजे धमकावून उकळणं — तिन्ही एकाच लॅटिन मुळाचे, अर्थ पिळणं. आपला साधा राँगसुद्धा मुळात 'वाकडा'च. मुलं माना डोलावतात आणि मी घाईघाईनं पुढच्या शब्दावर जाते. कुठून ही मुळं उकरायची खोड लागली मला?

बरं, आडून आडून किती बोलणार?

शेवटच्या दुखण्यात सासूबाई इथल्याच एका हॉस्पिटलात होत्या. डॉक्टर दक्षिणेकडचे, नवीन — मराठी शून्य, हिंदी तोडकीमोडकी. "तुला इंग्रजी येतं, तूच बोल," म्हणून नवरा पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात निघून जायचा. घरातल्या सगळ्यांचं तोंड मीच!

एका सकाळी सासूबाईंनी माझा हात धरला. "त्याला इचार बाई, मला साताऱ्याला नेऊ द्या म्हनावं. माझ्या घरात डोळं मिटू द्या."

विचारलं मी. डॉक्टर म्हणाले, जरूर न्या. आता इथं करण्यासारखं फार उरलेलं नाही, दुखण्यावर गोळ्या देतो.

आणि मी सासूबाईंना सांगितलं — "डॉक्टर नको म्हणतात." वळून डॉक्टरांना सांगितलं — त्यांना इथंच बरं वाटतंय. दोन्हीकडे. एका दमात.

का? बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. गावी त्यांच्यासोबत मलाच जावं लागलं असतं, क्लास बंद पडला असता. बस्स, एवढंच! घाबरले होते, गोंधळले होते — छे, तसलं काही नाही. डोकं अगदी ठिकाणावर होतं.

त्या इथंच गेल्या. आणि लोक! "सून असावी तर अशी" — सोसायटीतल्या बायका अजून म्हणतात. नवरा चारचौघांत कौतुक करतो. इतकी चिडचिड होते म्हणून सांगू! अहो, एकदा तरी विचारा ना कुणीतरी, डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते? पण कोण विचारणार? ऐकणारी मी, सांगणारीही मीच.

सासूबाईंनी तर पुन्हा गावाचं नावच काढलं नाही. त्या शेवटच्या दिवसांत कुणी भेटायला आलं की माझ्याकडे बोट दाखवायच्या. "हिनं लई इनवलं त्याला माझ्यापायी. त्योच ऐकंना."

मी शेजारी मोसंबी सोलत बसलेली असायचे. "हो ना," म्हणायचे.