लेकीच्या दाढेची जागा

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही खूप असतील. चौथीनंतर पेन हातात घेतलं ते सही करण्यापुरतंच. हे कोणाला दाखवायचं नाही. तोंडानं सांगता येत नाही म्हणून लिहिते.

माझ्या वतीनं नेहमी माझी मोठी बहीण बोलायची. लहानपणी दुकानात, नंतर माझ्या सासरी, दवाखान्यातसुद्धा. मी तिच्या मागे उभी राहायची. तिला यवतमाळात दिलं होतं आणि मला बाभुळगावजवळच्या खेड्यात.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. मुलगी आठ वर्षांची होती. तिची खालची दुधाची दाढ किडली आणि ठणकायला लागली. बाजाराच्या दिवशी मी ती एका दात काढणाऱ्याकडून काढून घेतली. दुधाचीच दाढ, पडायचीच होती, असं मला वाटलं.

पुढे शाळेत दातांची तपासणी झाली. बहीण तेव्हा आमच्याकडे आलेली होती, म्हणून तीच माझ्यासोबत आली. यवतमाळहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या तोंडात पाहून विचारलं, "ही दाढ कोणी काढली?"

"दुखत होती, काढून टाकली," बहीण म्हणाली.

"आपण एसटीत जागेवर रुमाल टाकतो ना? दुधाची दाढ तशी असते. रुमाल उचलला की दुसरा येऊन बसतो. आता मागची दाढ पुढे सरकेल आणि पक्का दात येईल तेव्हा त्याला जागा उरणार नाही. तो आडवा येईल. तिथं एक तार बसवली तर जागा राहील, पण दिवाळीच्या आत यवतमाळला माझ्या दवाखान्यात आणा. उशीर झाला की तारेचा उपयोग नाही."

मी मान हलवली. त्या हंगामात मी लोकांच्या वावरात कापूस वेचायला गेले. बोंडांनी बोटं सोलून निघाली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तारेचे पैसे जमले.

"तू कायले येतं? मजुरीचा रोज बुडते तुया," बहीण म्हणाली. "अन् डॉक्टरपुढं तुया तोंडातून शब्द तरी निघते का? मीच नेतो पोरीले." मी हसले. खरंच होतं ते. पैसे आणि मुलगी, दोन्ही तिच्या हाती दिले.

मुलगी परत आली तेव्हा तोंडात तार नव्हती. "डॉक्टरीण म्हणे जबडा लहान आहे, बारा वर्षांची झाली की बसवू," बहीण म्हणाली. "पैसे तिच्यापाशी जमा आहेत." मला हायसं वाटलं.

तीन वर्षांनी पक्का दात आला तो आतल्या बाजूला, जिभेकडे. जीभ सोलायची, घास अडकायचा. बहिणीला सांगितलं की ती म्हणायची, "पाहू, आता तिथं गर्दी असते." शेवटी मी एकटीच मुलीला घेऊन यवतमाळला गेले. डॉक्टरीणबाईंनी जुनं कार्ड काढलं. त्यावर शाळेतली तपासणी तेवढी होती. खाली काहीच नव्हतं.

"दिवाळीत याल म्हणून वाट पाहिली. कोणी आलं नाही. पैसेही कोणी भरले नाहीत." त्या हळू बोलत होत्या. "आता जागा गेली. हा चांगला दात काढावा लागेल."

बाहेर पायरीवर मुलगी रडायला लागली. "मावशीनं मले इथं आणलंच नाही. म्हणे, आईले सांगू नको, तिचा जीव लहान आहे, घाबरून जाईन."

"मंग तीन वर्षं बोलली काहून नाही?"

"तू तरी मावशीले कधी काही म्हणतं का?"

मुलीला घेऊन तशीच बहिणीच्या घरी गेले. ती पीठ चाळत होती. मी विचारलं, "माहे पैसे कुठं आहेत?" आयुष्यात तिला पहिल्यांदाच असं काही विचारलं.

चाळणी थांबली. "त्या साली सरकी काढायचं जिनिंग बंद पडलं. तुया भाऊजीले काम नव्हतं. तुयाच पैशावर होळीपर्यंत खाल्लं आम्ही."

"मागितले असते तं दिले नसते का?"

"लहान्या बहिणीले मागू?" मग मुलीकडे पाहून म्हणाली, "दातच तं आहे वं. जीव तं नाही ना गेला पोरीचा."

भुकेची गोष्ट मला समजली. पण बहीण तार बसवायच्या खोट्या गोष्टी डॉक्टरीणबाईंच्या नावानं सांगत राहिली आणि मी तीन वर्षं मुलीच्या तोंडात पाहून "येईल सरळ" म्हणत राहिले, ते मला सहन होत नाही.

दात काढला. पांढरा होता, कुठं कीड नव्हती. बाईंनी ट्रेमध्ये ठेवला तेव्हा मुलीनं मान फिरवली.

त्यानंतर बहीण दर खेपेला थोडे थोडे पैसे आणून द्यायची. मी घ्यायची, बोलायची नाही. या संक्रांतीला ती आली, चहाही न घेता शेवटच्या नोटा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "मोजून घे. अन् आता बोल माह्याशी."

मी मोजल्या. सगळे पैसे फिटले होते. तिच्याशी बोलणं मात्र अजून जमलेलं नाही.