ओलं गोणपाट

आमची आत्या साबण चाखायची. खोटं वाटेल, पण साबणाच्या कारखान्यात कढईवर उभं राहणाऱ्याचं ते रोजचंच काम. शिजत आलेल्या साबणाचा कण जिभेच्या टोकाला लावायचा. चटका बसला तर अजून कच्चा, काही लागलं नाही तर झाला. आतोबा म्हणायचे, "हिची जीभ सोड्यावर पोसलीय, जरा जपून बोला." त्यावर आत्या असं काही उत्तर द्यायची की आतोबा मुकाट्याने पेपरात डोकं खुपसायचे.

ती करायची तो पारदर्शक साबण. वडीमागे बोट धरलं तर नखावरची रेघ दिसायची. इतर कारखान्यांच्या वड्या धुरकट निघायच्या, आत्याच्या कधीच नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मी लहानपणी लाडीगोडी लावून पाहिली, मोठेपणी चिडवून पाहिलं, पण बाई ताकास तूर लागू देईल तर शपथ. "बायको माझी, गुपित कारखान्याचं," असं आतोबा आल्यागेल्याला सांगायचे, जरा अभिमानानेच.

आता ते गुपित उरलेलं नाही, म्हणून सांगते. साबण ओतल्यावर साचे लाकडी फळ्यांवर ठेवायचे, अशी तिथली रीत. एकदा फळ्यांवर जागा उरली नाही, म्हणून आत्याने शेवटचे साचे फरशी पुसायच्या ओल्या गोणपाटावर टेकवले. सकाळी बघते तर बाकीच्या वड्या धुरकट आणि त्या तेवढ्या लख्ख. खालून गारवा लागला, साबण झटकन निवला, आत धूर धरायला वेळच मिळाला नाही. झालं, एवढंच! आत्या वडी घेऊन धावत मोठ्या मालकांकडे गेली. त्यांनी ती उजेडाला धरली, उठून दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हे तुमच्या-माझ्यात." आत्याने मान डोलावली.

मोठे मालक वारले आणि त्यांचे जावई खुर्चीत बसले. जावईबुवांनी सगळ्यांकडून एका कागदावर सह्या घेतल्या, की नोकरी सुटल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याही साबण कारखान्यात काम करायचं नाही. सगळ्यांनी केल्या. नोकरी करणारा माणूस नाही कशाला म्हणेल? मग साबण शिजवून ओतायचं यंत्र आलं आणि कढईवरच्या माणसांना नारळ मिळाला. म्हणजे बघा, घरी यांनीच बसवायचं आणि वर दुसऱ्याच्या दारातही उभं राहू द्यायचं नाही! मी तणतणले. आत्या म्हणाली, "सही केलीय ना मी? मग?" मी कपाळावर हात मारला.

घरात बसलेली आत्या बघवत नव्हती. कपड्यांच्या दुकानात उभी राहून पाहिलं, शिवणकाम आणून पाहिलं, मन रमेना. भांडी घासता घासता फेस बोटांत चोळायची आणि स्वतःशीच म्हणायची, "सोडा जास्त झालाय." आतोबांचे विनोदही बंद पडले. ते एकदा मला हळूच म्हणाले, "अगं, ती माझ्यावर ओरडतसुद्धा नाही आता."

आणि अशात कायदा बदलला. साध्या कामगाराला असं बांधून घालणारी अट यापुढे चालणार नाही, कुणी सही केली असली तरी. मी बातमी घेऊन धावतच गेले. आत्याने ऐकली आणि म्हणाली, "खालचं वाच." खाली लिहिलं होतं की धंद्याचं गुपित मात्र ज्याचं त्याचंच राहील, ते दुसरीकडे वापरता येणार नाही.

"म्हणजे मी जाऊ शकते, ते नाही जाऊ शकत," आत्या म्हणाली.

"मग डोकं काय घरी ठेवून जाणार?"

"बघू."

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक छोटा कारखाना होता. तिथला मालक चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरणारा, बोलायला गोड. आत्याने पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, "मी कपड्यांचा साबण करीन. पारदर्शकाच्या खोलीत पाऊल टाकणार नाही." तो बरं म्हणाला. आत्या परत कामाला लागली, परत आतोबांवर ओरडायला लागली, आणि आम्ही सगळे सुटलो.

पण एक दिवस पारदर्शकाच्या खोलीतली बाई तापाने घरी राहिली. कढई चढलेली, साबण तयार, ओतायला कुणी नाही. "फक्त ओतून द्या हो, वाया जाईल," मालक विनवायला लागला. शिजलेला साबण वाया जातोय म्हटल्यावर आत्याला राहवेना. ती गेली. ओतला. साचे फळ्यांवर नीट लावले. दाराशी नुकतीच फरशी पुसून कुणीतरी ओलं गोणपाट पसरून ठेवलं होतं. शेवटचे साचे हातात होते, सुट्टीची घंटा झाली आणि आत्या खाली वाकली. "मला आठवतच नाही गं," ती नंतर मला म्हणाली. "चप्पल काढताना आपण कुठे बघतो? तसं झालं."

सकाळी त्या वड्या लख्ख निघाल्या. मालकाने वड्या पाहिल्या, गोणपाट पाहिलं, आणि चष्मा पहिल्यांदाच डोळ्यांवर घेतला. आत्याने हातापाया पडून सांगितलं, हे करू नका. तो म्हणाला, "अहो बाई, कायदा आता तुमच्या बाजूने आहे!" थोड्याच दिवसांत तो साबण दुकानांत आला. जावईबुवांनीही एक वडी घेतली असणार आणि उजेडाला धरली असणार.

त्यांची नोटीस आली. समोरासमोर बसून मिटवायचं ठरलं, म्हणून मी आत्याबरोबर गेले. आत जाण्याआधी मालकाच्या वकिलाने तिला बाजूला घेतलं. "एकच वाक्य बोलायचं. ही युक्ती मला नोकरीच्या आधी, घरी, स्वयंपाकघरात सुचली. कुठल्या घरात गरम भांडं ओल्या फडक्यावर ठेवत नाहीत? कोण खोटं पाडणार आहे?" मला ते शंभर टक्के पटलं. आत जाऊन बसल्यावर टेबलाखाली मी आत्याचा हात घट्ट धरला.

जावईबुवांनी विचारलं, "हे तुम्हाला कुठे कळलं?"

आत्या म्हणाली, "तुमच्याच कारखान्यात. तुमच्याच गोणपाटावर."

वकिलाने पेन खाली ठेवलं. जावईबुवासुद्धा गडबडले, त्यांना भांडायचं होतं, आणि भांडण एका वाक्यात संपलं. मग जे ठरलं ते ठरलं. मालकाने तो साबण बंद करायचा आणि आत्याने यापुढे कुठल्याही कारखान्यात कढईवर उभं राहायचं नाही, कधीच नाही. कायद्याने जे दोन वर्षांचं बंधन काढून टाकलं होतं, ते आत्याने स्वतःच्या तोंडाने जन्मभराचं करून घेतलं. मालकाने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

जिन्यावरच मी तिच्यावर ओरडले. "काय मिळालं तुला? ते शोधलं कुणी? तुझंच होतं ना?"

"माझंच होतं," आत्या म्हणाली. "म्हणून तर मोठ्या मालकांना दिलं. दिलेलं परत कसं मागू?" माझा राग मात्र अजून गेलेला नाही, कुणावर धरावा तेही कळत नाही.

परवा ती माझ्याकडे आली होती. माझी मुलगी भुकेने रडत होती आणि दूध काही निवत नव्हतं. मी मुलीला घेऊन फेऱ्या मारत होते. आत्याने फडकं नळाखाली धरलं, पिळलं, ओट्यावर पसरलं, आणि दुधाचं पातेलं उचलून त्यावर ठेवणार, तोच थांबली.

"ठेव ना," मी म्हटलं. "आपलं घर आहे हे."

"हो गं," ती म्हणाली. पण ठेवलं नाही. पदराने धरलेलं ते गरम पातेलं हातात घेऊन, कुठे ठेवू, कुठे ठेवू, असं माझ्या स्वयंपाकघरात बघत राहिली.