उचलून नेलेलं घर

सौदीतल्या जिझानपासून तासाभरावरच्या एका गावात माझी बायको सरकारी इस्पितळात नर्स होती. मी तिच्या नावावर, कुटुंबाच्या व्हिसावर गेलो होतो. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, स्पष्ट लिहिलेलं होतं, काम करायला परवानगी नाही. कुडाळकडे मी सुतारकाम करत होतो. रंधा सोडला तर मला दुसरं काही येत नाही, आणि तोच धरायची तिथं मनाई.

बायको दोन वर्षं नर्सच्या होस्टेलात राहत होती. आमची सहा वर्षांची मुलगी माझ्या बहिणीकडे. आधी मी जायचं, राहायला जागा बघायची, मग मुलीला आणायचं, असं ठरलं होतं. जागा बघायला महिना लागेल असं मी धरून चाललो होतो.

चार महिने हिंडलो. फॅमिलीसाठी म्हणून जे फ्लॅट होते त्यांचे मालक सहा महिन्यांचं भाडं एकदम मागायचे. स्वस्त खोल्या होत्या त्या कामगारांच्या, एकेका खोलीत आठ आठ पुरुष. तिथं बाईमाणसाला कसं न्यायचं? तोवर मी इस्पितळाच्या एका ड्रायव्हरच्या खोलीत पथारी टाकून होतो आणि बायको होस्टेलात. नवराबायको एका गावात राहून फोनवर बोलत होतो.

त्या ड्रायव्हरनंच पोर्टा केबिनचं सांगितलं. गावाबाहेर एका म्हाताऱ्या सौदी माणसाची इस्तिराहा होती, म्हणजे शुक्रवारी कुटुंबं जेवायला, बसायला भाड्यानं घेतात तशी कुंपण घातलेली मोकळी जागा. तिच्या मागच्या बाजूला, पूर्वी रखवालदारासाठी आणलेला पत्र्याचा एक डबा सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला होता.

"अहो, ही तर साईटवरची केबिन," बायको म्हणाली.

"साईटवरपण माणसंच राहतात की."

म्हाताऱ्यानं पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बैत, बैत." घर. भाडं आम्हाला झेपेल एवढंच सांगितलं. कागद काही केला नाही. आम्हीही मागितला नाही, मागितला तर नाही म्हणेल अशी भीती होती.

आत जमिनीचं प्लायवूड कुजलं होतं, पाय टाकला की दबायचं. मी ते काढून दुसरं बसवलं. खिडकीच्या फटी बुजवल्या, मोरीला आडोसा केला, भांड्यांची फळी ठोकली. कितीतरी दिवसांनी हाताला भुसा लागला होता. मग इस्तिराहाच्या मागं पडलेल्या लाकडी पॅलेट मोडून मुलीसाठी पलंग केला. बुटका, एका बाजूला कठडा, खाली कपड्यांचा खण. कोपरा तिरका होता म्हणून तिथल्या तिथं मापं घेऊन जोडला, भिंतीच्या सांगाड्याला पक्का केला. व्हिडिओ कॉलवर दाखवला तर मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या बाजूला कोण झोपणार?"

"आई एका बाजूला, मी एका बाजूला."

पण तिचा व्हिसा काही होईना. कचेरीत आता नोंदणी केलेला घरभाड्याचा करार मागायचे, माझ्या वेळी मागितला नव्हता. म्हातारा बिचारा सही करायला तयार होता, पण सही कशावर करणार? ती केबिन घर म्हणून कुठंच नोंदलेली नव्हती. बायको तीन वेळा अर्ज घेऊन गेली, तीन वेळा परत आली. तिसऱ्या वेळी ती आल्या आल्या पाठ करून भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी होती.

उन्हाळ्यात पत्रा तापायचा. एसी बंद पडला की आत थांबता यायचं नाही. ती ड्युटीवर गेली की मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मशिदीच्या भिंतीच्या सावलीत बसायचो. मुलगी आली असती तर या उन्हात तिचं काय झालं असतं, हे मनात यायचं. ते बायकोला कधी बोललो नाही. तिच्याही मनात येत असणार.

मग म्हाताऱ्याला उपचारासाठी रियाधला नेलं आणि कारभार मुलाकडे गेला. एका सकाळी, दहाच्या सुमाराला, क्रेनची गाडी आत आली. ड्रायव्हर पाकिस्तानी होता, वयानं माझ्याएवढा.

"भाई, यह कमरा ख़ाली है ना?"

"इसमें हम रहते हैं."

त्यानं म्हाताऱ्याच्या मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, विकली, आज न्यायची आहे, खलास. मी काही बोलायच्या आत फोन बंद.

"कोई काग़ज़ है तुम्हारे पास?" ड्रायव्हरनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"घंटा भर रुकता हूँ. उससे ज़्यादा मेरे हाथ में नहीं."

बायकोचा फोन वॉर्डात असताना बंद असायचा. मी एकटाच सामान काढत राहिलो. शेगडी, सिलिंडर, गादी, बॅगा, देवाचा फोटो. ड्रायव्हरही न सांगता हात लावू लागला. पलंग मात्र दारातून निघेना. आतच जोडलेला, दारापेक्षा रुंद. स्क्रू उघडायला तासाहून जास्त लागला असता. करवत होती माझ्याकडे. मधून कापला असता तर दोन तुकड्यांत निघाला असता. मी करवत लावली आणि बाजूला ठेवली.

"छोड़ दो भाई," तो हळूच म्हणाला. "किसी के बच्चे के काम आएगा."

साखळ्या ताणल्या आणि केबिन उचलली गेली. एका बाजूला कलली तेव्हा आत काहीतरी घरंगळलं, काय राहिलं होतं कोण जाणे. खाली सिमेंटचे ठोकळे आणि एक फिकट चौकोन. त्यातून दोन पाली पळाल्या.

साडेतीनला इस्पितळाच्या बसमधून बायको उतरली. मी सामानावर चादर टाकून कडुनिंबाखाली बसलो होतो. ती चालत आली, त्या चौकोनाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "माझा उद्याचा युनिफॉर्म कुठं ठेवलात?"

मी बॅग दाखवली. तिनं उघडून बघितला, घडी झटकली, परत घातली. मग माझ्या शेजारी बसली.

ती परत होस्टेलात गेली. रिफायनरीकडच्या एका कामगार कॅम्पात गुहागरचे काही पाईप फिटर होते, त्यांनी मला कोपरा दिला. शुक्रवारी आम्ही समुद्राकाठच्या बाकावर भेटायचो. सुरुवातीला घराबद्दल बोलायचो, कुठं ऐकलं, कुणी सांगितलं. पुढं पुढं तेही बंद झालं. ती डब्यात भात आणायची, मी खायचो, ती समोर बघत बसायची. एकदा मी म्हणालो, "अगं, तूही चल गावाला." ती म्हणाली, "आणि तिकडं खायचं काय?" तिचा आवाज चढलासुद्धा नव्हता.

दोन महिन्यांनी मी कॅम्पात चोरून राहतोय हे तिथल्या साहेबाला कळलं. जायला कुठंच उरलं नाही. मी फायनल एक्झिट घेतली, म्हणजे व्हिसा रद्द करून कायमचं परत यायचं.

निघायच्या दिवशी होस्टेलच्या फाटकावर गेलो. पुरुषांना आत सोडत नाहीत. तीच बाहेर आली, एक पिशवी दिली. आत मुलीचे फ्रॉक होते, पाच-सहा, तिथं गेल्यापासून एकेक करून घेतलेले.

"तिला सांगा, आईनं पाठवलेत."

"तू येशील ना, तेव्हा..."

"बघू," ती म्हणाली, आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून आत गेली.

गावी आल्यावर बहिणीनं मुलीला एकेक फ्रॉक घालून बघितला. एकही बसला नाही. मोठ्यात मोठाही काखेत अडकला. मुलगी हसत होती, तिला खेळ वाटला. बहिणीनं ते शेजारच्या लहान मुलीला देऊन टाकले.

बायकोनं नोकरीचा करार आणखी दोन वर्षं वाढवून घेतलाय. मागच्या आठवड्यात फोनवर तिनं विचारलं, "फ्रॉक बसले?"

"बसले," मी म्हणालो.

"मग घालून फोटो पाठवा ना."

पाठवतो म्हणालो. रोज आठवण करून देते, आणि मी रोज पाठवतो म्हणतो.